संजीवनी मॅडमनी नापास केलेला

नांदुऱ्याचं नाव कुणी काढलं की संजीवनी आजही उगाच लाजते. सात वर्षं झाली, पण ती सकाळ काही केल्या जुनी होत नाही.

देऊळगाव राजाहून आलेल्या बसमधून उतरल्यावर समोर दिसला त्यालाच तिनं विचारलं होतं, "ड्रिलिंगचं ट्रेनिंग सेंटर कुठे आहे हो?"

दिसला तो नेमका प्रज्वल! सोनाळ्याचा, आठ वर्षं बोअरच्या गाडीवर काढलेला, उन्हानं रापलेला.

"मीबी तिकडंच चाललो, चाला. हापिसात लागल्या काय तुमी?"

"असंच काहीतरी…"

"बरं झालं बाप्पा! आमाले शिकवाले कोणी खडूस मास्तर येऊन राह्यला म्हणे. जरा सांभाळून घ्या."

"सांगून बघते त्यांना," तिनं हसू दाबलं.

तासाभरानं गळ्यात शिट्टी अडकवून ती बारा जणांसमोर उभी राहिली, तेव्हा त्याचा चेहरा… काय सांगावं!

यंत्र नवं होतं. भल्यामोठ्या रिळावर गुंडाळलेली पोलादी नळी अखंड उलगडत जमिनीत जायची. बोअरसारख्या छड्या जोडत बसायचं काम नाही. पण तिला आत ढकलणाऱ्या साखळ्या अशा, की चालत्या नळीला हात लावला तर बोटं गेलीच म्हणून समजा. आणि प्रज्वलला तर जुनी खोड! चालत्या छडीवर तळवा टेकवून, खाली मुरूम आहे की काळा दगड, हे तो अचूक सांगायचा.

"हात मागे, प्रज्वल!" ती दिवसातून दहादा ओरडायची.

"मॅडम, तुमचं ध्यान माह्याच हातावर काऊन असते?"

"तो जागेवर नसतो म्हणून!"

सगळे खो-खो हसायचे. ती मात्र मनातून चरकायची, कारण तिचं लक्ष खरंच असायचं. डबा खाताना, घाम पुसताना, दुसऱ्या कुणाला समजावताना… तिचा जीव जडला होता, झालं!

परीक्षेच्या दिवशी त्याचं एकही पाऊल चुकलं नाही. पास झालेल्यांना राजस्थानात नोकरी पक्की होती. त्यानं तर बॅगही भरली होती. शेवटी शेवटी नळी थरथरली, खालचा दगड बदलला… आणि त्याचा तळवा आपसूक पुढे गेला.

शिट्टी वाजली. यंत्र थांबलं. हात नळीपासून वीतभर दूर होता.

"जाऊ द्या ना मॅडम," सेंटरचं यार्ड सांभाळणारे देवानंदभाऊ म्हणाले, "लागला तं नाही."

तिनं कागदावर 'नापास' लिहिलं.

रविवारी अकरा जणांना निरोप द्यायला ती स्टेशनवर गेली. तोही आला होता. गाडी सुटली आणि फलाटावर दोघंच उरले. जिनिंगकडून वाऱ्यावर कापसाची पुंजकी येत होती.

"एक डाव सोडलं असतं तं काय बिघडलं असतं?" त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं. "मायनं गावभर पेढे वाटले होते."

"नसतं सोडलं. दुसरा कुणी असता तरी नापासच केला असता."

"म्हंजे मी बी बाकीच्यासारखाच?"

"नाही," ती म्हणाली. मग मनात होतं ते तोंडातून येऊ दिलं, "त्या दुसऱ्यासाठी मी तीन दिवस रडले नसते."

प्रज्वलनं आता तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं खाकरून घसा साफ केला.

"पुढच्या बॅचले माह्यं नाव लिहून घ्या."

"घेते."

"आन्… देऊळगाव राजाले तुमचं घर नेमकं कुठं हाय? मायले घेऊन येतो."

संजीवनीनं पत्ता सांगितला. इतकी गडबडली होती, की पिनकोडसुद्धा सांगून टाकला.