सगळ्यांसाठी एकच धड

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय.

अक्रा शहरात, आमच्या कोर्ले गोन्नोच्या वस्तीत. रात्र नव्हती, अंधार नव्हता. भर दुपार होती, बाहेर केंकी, म्हणजे पानात बांधलेले आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेले मासे विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. आणि जिच्या बाबतीत घडलं ती कोर्कोर माझी शेजारीण. खोटं बोलून तिला काय मिळणार?

कोर्कोरचं दुकान मयताच्या पोस्टरांचं. आमच्याकडे माणूस गेला की आठवडेच्या आठवडे शवागारात ठेवतात. तोवर भिंतीभिंतीवर त्याची मोठाली रंगीत पोस्टरं लागतात. पोस्टर झकास हवं, पण गरिबाकडे झकास फोटो कुठून येणार? मग कोर्कोर ओळखपत्रावरचं डोकं कापायची आणि भरजरी केंटे कापड नेसलेल्या एका धडावर चिकटवायची.

धड एकच. सगळ्या बायकांना तेच.

ते एका मेलेल्या बाईच्या फोटोतलं होतं. तिची माणसं पोस्टर न्यायला परत आलीच नाहीत. कोर्कोरने तिचं डोकं उडवलं आणि धड ठेवून घेतलं. बेवारशी फोटोचं काय करायचं असतं, असं ती म्हणायची.

मग कोर्कोरची आई गेली.

आईने जन्मात कधी नीट फोटो काढू दिला नव्हता. एकच चेहरा होता, तोही दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, पोस्टरसाठी त्याच धडावर चिकटवलेला. आणि कॉम्प्युटर असा म्हातारा, की सुरू करून आंघोळ उरकून यावं. शनिवारी अंत्यविधी. पोस्टर उघडता उघडता तो गचकला असता तर आईचा चेहरा कायमचा गेला असता. म्हणून तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सेनानुला बोलावलं. तो म्हणाला, एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क टाकतो, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवतो, मग बघा कसा पळतो.

त्याने झाकण काढलं आणि...

केस.

पंख्याला गुंडाळलेला पांढऱ्या केसांचा बुचका. तेलकट, ओलसर, मुळाशी काहीतरी चिकटलेलं. आणि वास... गोडसर, कुजका. शी! 

"आंटी, इथे बसून केस विंचरता की काय?" सेनानुने नाक दाबून विचारलं.

कोर्कोरने डोक्यावरून हात फिरवला. तिचं डोकं तुळतुळीत. दुकानात दुसरं कुणी राहत नाही.

वास बाहेरच्या तळलेल्या माशांचाच असणार, अशी तिने मनाची समजूत घातली. बुचका चिमटीत धरून बाहेर फेकला. हात दोनदा धुतले, तरी बोटं बुळबुळीतच लागत होती.

आता नवी डिस्क लहान, सगळं मावेना. काहीतरी कमी करावं लागणार. सेनानुला एक भलंमोठं फोल्डर सापडलं. आत नुसती डोकी... कापून टाकलेली.

"ही काय करू?"

"डोकी कशाला हवीत?" कोर्कोर म्हणाली. "धड ठेव. बाकीचं उडव."

त्याने उडवलं.

काम झालं. जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली. कॉम्प्युटर डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच सुरू झाला. आवाज नाही, घरघर नाही. दोघं खूश झाले.

आणि मग...

कर्र... कर्र...

जुनी डिस्क. टेबलावरची. तिला एकही वायर जोडलेली नव्हती.

तिच्या खालून पिवळट, तुपकट पाणी झिरपत होतं. ओघळ टेबलावरच्या केंकीच्या पानापर्यंत आला. सेनानुने फडक्याने पुसलं, फडकं हुंगलं आणि धावत बाहेर जाऊन ओकला.

कोर्कोरने घाईघाईने आईचं पोस्टर उघडलं.

धडावर डोकं होतं... आईचं नव्हतं.

ज्या बाईचं धड, तिचंच डोकं. मानेवर जोड नाही, रेघ नाही. ती हसत होती. कोर्कोरने दुसरं पोस्टर उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे तीच. जुनी डिस्क परत लावून पाहिली. तिथेही तीच.

"सेनानु... ही कोण?"

तो तोंड पुसत आत आला. कोर्कोरच्या आईच्या हातचं तो कैकदा जेवला होता.

"कोण म्हणजे? तुमची आईच ना. बरं वाटत नाहीये का, आंटी?"

संध्याकाळी कोर्कोरचा भाऊ आला आणि डोळे पुसत तेच पोस्टर घेऊन गेला.

शनिवारी अंत्यदर्शनासाठी आईला सजवून पलंगावर ठेवायचं होतं. लेकीने तोंड पुसायचं असतं. मावशीने चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं आणि...

तीच. दात दाखवून.

कोर्कोरच्या बोटांखाली गालाची कातडी सरकत होती. तोच गोडसर वास. तिला हात मागे घ्यायचा होता.

"थांबलीस का, पोरी?" मावशी हळूच म्हणाली. "पूस. आई आहे तुझी."

तिने पुसलं. सगळ्यांसमोर, शेवटपर्यंत.

आता कोर्कोरला आईचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की दुसरीच समोर येते. परवा ती माझ्या दारात येऊन बसली.

"तू तर आईला रोज बघायचीस. सांग ना, कशी दिसायची?"

एवढंच ना, म्हणून मी तोंड उघडलं आणि...

मला फक्त पोस्टरवरची बाई आठवली.