आईवर गेलेला मुलगा

कुरखेड्याजवळच्या गावात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरली होती. आकाशपाळणा आणि जिलेबीच्या गर्दीत मूळची वरोऱ्याची, आता नागपुरात राहणारी पायल माणसांची चित्रं काढत बसली होती. चेहरे रंगवणं हेच तिचं काम, आणि मंडईतल्यासारखे चेहरे तिला नागपुरात कुठे मिळायचे!

गर्दी पांगली तसा बाजूला उभा असलेला एक उंच तरुण पुढं आला.

"मॅडम, फोटो नसन तं चित्र निघते का?"

"कुणाचं?"

"माह्या मायचं. मी लहान असताना गेली... सारे म्हणतात, मी तिच्यावरच गेलो."

पायलनं त्याला निरखलं. सावळा रंग, दाट पापण्या... "मग तुम्हालाच समोर बसावं लागेल," ती म्हणाली.

त्याचं नाव धनराज. तो आणि त्याचे वडील बापूजी गावच्या तलावात मासे धरायचे. पायल गावातच खोली घेऊन राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात येऊ लागली. बापूजी एकीकडं जाळं सांधायचे, समोर स्टुलावर धनराज.

"हलू नका."

"मी कुठी हललो? तुमीच असं पाहून राह्यल्या का श्वास अडकते."

"पाहणं कामच आहे माझं."

"साऱ्यायकडं असंच पाहता?"

तिचा ब्रश थांबला. "...हनुवटी वर करा."

चित्र लवकर संपलं असतं. पण कधी उजेड बरोबर नसायचा, कधी रंग वाळलेला नसायचा. अखेर हिरव्या लुगड्यातली, ठसठशीत कुंकवाची बाई तयार झाली. बापूजी बराच वेळ बघत राहिले.

"राग नको मानू, बाई. पण हा तं लुगड्यातला धन्या आहे."

धनराज हसत सुटला. पायलला मात्र हसू येईना. म्हातारा खरंच बोलत होता. एवढी वर्षं बायकोचा चेहरा मनात जपून बसलेल्या माणसाला तिनं आपल्याच मनातला चेहरा काढून दिला होता.

तिनं कोरा कॅनव्हास लावला. "धनराज, तुम्ही माझ्या मागं बसा. बापूजी, तुम्ही सांगा."

"काय सांगू? चांगली होती."

"रागावली की काय करायची?"

बापूजींच्या हातातलं जाळं थांबलं. "बोलत नसे. ओठ मुडपून चुलीत काड्या सारे... मंग आपणच हसे. हसताना एक डोळा बारीक व्हाये तिचा..."

ते बोलत राहिले. पायल काढत होती, पुसत होती, पुन्हा विचारत होती. मागं मात्र एकदाही वळली नाही.

ऊन कलल्यावर बापूजी उठून चित्राजवळ आले. ओल्या रंगाशी त्यांचा हात थबकला.

"यमुने," ते हळूच म्हणाले, "किती दिवसानं वं..."

पायल गुपचूप घरामागच्या तलावाच्या बांधावर जाऊन उभी राहिली. मागोमाग धनराज आला.

"आज माह्याकडं पाहिलंच नाई. काऊन?"

"पाहिलं असतं तर... पुन्हा तुम्हीच उतरला असता."

पाण्यावर एक पाणकोंबडी सरकत गेली.

"काम संपलं," पायल म्हणाली. "उद्यापासून इथं यायला काय कारण सांगू?"

"मी वाट पाहीन. तेवढं कारण पुरत नाई?"

पायलनं मान वर केली. आता काढायचं काही नव्हतं, तरी तिनं नजर हलवली नाही, आणि त्यानंही नाही.

घरातून बापूजींची हाक आली, "धन्या, पोरीले जेवल्याबिगर जाऊ देऊ नको रे!"

"जेवूनच जाते, बापूजी," पायल ओरडून म्हणाली. मग धनराजला ऐकू येईल एवढंच, "...आणि उद्याही येते."