आईचं बुचाचं झाड

विजेच्या तारेखालचं बुचाचं झाड दरवर्षी वरून सपाट कापलं जायचं, तरी पुढच्या वर्षी ते दुप्पट घाईने तारेला जाऊन भिडायचं. शिवाय सात वर्षांत त्याला एकही फूल आलं नव्हतं. असं का, हे कोडं इंदवीला सुटत नव्हतं.

झाड आईने लावलं होतं, चंद्रावरच्या तळावर जायच्या आदल्या आठवड्यात. ती परत यायला अजून दोन वर्षं होती. इंदवीला तिची फार आठवण यायची. पडद्यावर दिसली की आई आधी विचारायची, "फुलं आली का गं?"

आज छाटणीचा नवा यंत्रमानव फाटकात उभा होता. "झाड बुडापासून काढायचा हुकूम आहे," तो म्हणाला. "फांदी तारेला लागली, की तिच्यातून वीज जमिनीत उतरते. कुणाचा जीव जाईल."

"आईचं झाड आहे ते." इंदवी खोडाला पाठ लावून उभी राहिली. "दुसरं काहीच करता येणार नाही का?"

यंत्रमानवाने झाड खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "येईल. चूक आमचीच आहे. शेंडा असतो तोवर खालच्या सुप्त कळ्या, म्हणजे नव्या फांद्यांच्या झोपलेल्या कळ्या, दबून राहतात. शेंडा उडवला, की सगळ्या एकदम जाग्या होऊन वर धावतात."

"बाई वर्गाबाहेर गेल्यावर आम्ही उठतो तशा."

"तशाच. म्हणून तारेकडे जाणारी फांदी मधेच तोडायची नाही. ती जिथून फुटली, तिथल्या जाड, फुगीर कड्याच्या जरा बाहेर कापायची. ती जखम झाड स्वतःच बुजवतं. तारेपासून लांब जाणाऱ्या फांद्या राखायच्या. मग वाढ तिकडे वळते."

"आणि फुलं?"

"बुचाला फुलं फांद्यांच्या टोकांना येतात. ती टोकंच आम्ही नेत होतो."

त्याने कचेरीला कळवलं. एका वर्षाची मुदत मिळाली. त्या मुदतीत झाड पुन्हा तारेला लागलं, तर ते जाणार होतं. तारेतली वीज बंद करून त्याने मोजक्याच फांद्या उतरवल्या. नंतर वर्षभर इंदवी रोज शाळेतून आली की आधी मान वर करून तार बघायची.

झाड रस्त्याची बाजू सोडून अंगणावर झुकलं. दिवाळीनंतर एका सकाळी अंगणात पांढरा सडा पडला होता.

आईने पडद्यावरून शिकवली होती तशी, दोऱ्याशिवाय, लांब देठांत देठ गुंफून इंदवीने वेणी केली आणि पडद्यासमोर धरली. "वास पाठवता येत नाही आई. तूच ये."

चंद्रावरून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. त्या दिवशी बराच जास्त वेळ लागला.

"पुढच्या बहराला," आई म्हणाली, "वेणी माझ्या केसात घाल."