चार बोटं काच

उतरली ती उतरलीच! वेदश्रीनं गाडीच्या दारावरचं बटण दाबलं, ओढलं, शेवटी त्याला दोन चापट्याही दिल्या, पण काच काही वर येईना. चारही खिडक्या सताड उघड्या, आणि दसऱ्यानंतरचा परतीचा पाऊस सप्तापूर भागातल्या भर रस्त्यात थेट तिच्या मांडीवर.

“बटणाला कशाला मारताय? गरीब आहे ते.”

मोटारींच्या वायरिंगच्या दुकानाच्या पत्र्याखालून एक तरुण हसत बाहेर आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला टेस्टर, आणि डोळे… असू दे, डोळ्यांचं नंतर बघू.

“गाडी पत्र्याखाली घ्या, अक्का.”

“अक्का नको!” ती इतक्या घाईनं म्हणाली, की तिची तिलाच लाज वाटली. “वेदश्री.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “मी अनिश.”

खरं सांगायचं तर काच वर आलेली तिला नकोच होती. सात वर्षांची असताना एका लग्नात लपाछपी खेळताना ती मामाच्या मोटारीत मागच्या सीटवर जाऊन बसली आणि दार लागलं ते लागलंच. बाहेर वाजंत्री कडाडत होती. ती काचेवर मुठी आपटत होती, ओरडत होती, आणि पलीकडे माणसं हसत अक्षता टाकत होती. कुणालाच ऐकू गेलं नाही. तेव्हापासून बंद काचांच्या गाडीत तिचा जीव घुसमटायचा. तिचे अप्पा, मुकुंदराव, निवृत्त शिक्षक. त्यांनी थंडीत कानाला मफलर गुंडाळला, पण “काच लाव” असं पोरीला एकदाही म्हटलं नाही.

उद्या मात्र हुबळीला अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वारं नको, धूळ नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि अप्पा म्हणाले होते, “मी डोळ्यावर टॉवेल धरीन गं. तू उघड्याच ठेव काचा.” त्या वाक्यानं तिला आतून पोखरलं होतं.

अनिशनं फ्यूज उजेडात धरून पाहिला, शाबूत होता. मग दारावरची बटणांची पट्टी उचकटून त्यानं आत वाकून बघितलं आणि खो खो हसला.

“खंडेनवमीला गाडीची पूजा कुणी केली?”

“अप्पांनी.”

“आणि नारळाचं पाणी?”

“सगळीकडं शिंपडलं. बटणांवर जरा जास्तच… खिडक्या नीट चालाव्यात म्हणून.”

“अय्यो! देव पावला, पण बटणं बसली की! पाणी आत जाऊन चिकटलंय, वर कुंकवाचा लेप. दरवर्षी खंडेनवमी झाली की अशा पाच-सहा गाड्या येतातच.”

त्यानं स्पिरिट लावून बटणांखालचे वीज जोडणारे पत्रे घासले, सुकवले, पट्टी परत बसवली. “बसा आत. किल्ली फिरवून ओढा बटणं.”

तिनं ओढली. घूंऽऽ करत चारही काचा वर गेल्या आणि पावसाचा आवाज बंद झाला. बाहेर अनिश हसत काहीतरी बोलत होता, पण ऐकू येत नव्हतं… तेच ते! तिची मूठ काचेवर आदळली. दुसऱ्या क्षणी त्यानं बाहेरून दार उघडलं होतं.

तो हसला नाही. दुकानातल्या स्टुलावर बसून तिनं रडत रडत सगळं सांगितलं, लग्नापासून टॉवेलापर्यंत. “घाबरू नका” असंही तो म्हणाला नाही. तिला तिथंच तो आवडला.

“तुम्ही तेव्हा मागं बसला होता,” तो हळूच म्हणाला. “मागच्या दाराला पोरांसाठी वेगळा खटका असतो, आतून उघडत नाही. चालवणाऱ्याच्या दाराला तो नसतो. काच विजेवर चालते, दार नाही. किल्ली काढा. ही मूठ ओढा.”

दार उघडलं.

“अजून नऊ वेळा.”

मग तो शेजारच्या सीटवर बसला. “चार बोटं फट ठेवू. निधान… सावकाश.”

सप्तापुरात फेऱ्या सुरू झाल्या. चार बोटं. तीन. दोन.

“माझे हात थरथरताहेत.”

“थरथरू देत. मलाही भीती वाटतेच आहे.”

“माझ्या चालवण्याची?”

“ती आहेच… दुसरीही एक आहे. तुम्ही पूर्ण काच लावाल ना, तेव्हा सांगीन.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण शेवटचं एक बोट काही केल्या मिटेना.

दुसऱ्या दिवशी हुबळीहून परतताना वारं उठलं, पाऊस तिरपा आला. तिनं आरशात पाहिलं. मागच्या सीटवर अप्पा, एका डोळ्यावर पट्टी, त्यावर हातानं धरलेला टॉवेल. एका बोटाच्या फटीतून पाणी आत येत होतं.

तिनं बटण ओढलं.

आवाज बंद झाला. तिनं दाराची मूठ चाचपली. होती, जागच्या जागी होती. दहापर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं.

“अप्पा… टॉवेल काढा.”

आरशात टॉवेल हळूच खाली आला. मग अप्पा म्हणाले, “वेदा, काच लागली?”

“लागली. डोळ्यात पाणी आणू नका हं, डॉक्टर रागावतील.”

“एकाच डोळ्यात आणतोय.”

ती रडता रडता हसली. थोड्या वेळानं अप्पा पुन्हा बोलले, “आपली मळमड्डी मागं राहिली. घरी नाही जायचं?”

“हो… जरा सप्तापुरात काम आहे.”

अनिश पत्र्याखालीच उभा होता. चारही काचा बंद बघून तो पावसात तसाच धावत आला. तिनं आपल्याकडची काच चार बोटं खाली केली.

“पुन्हा बिघडली?”

“नाही. लागली, पूर्ण लागली.” “तुमची दुसरी भीती सांगा.”

त्यानं एकदा मागं बसलेल्या अप्पांकडं पाहिलं. “काच नीट झाली की तुम्ही परत येणार नाही… ही.”

“आले की मी.”

त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि काच आणखी खाली करायला तिला बटण सापडत नव्हतं.

“वेदा,” मागून अप्पा म्हणाले, “वारं लागतंय डोळ्याला. काच लाव. पण आधी त्याला आत घे.”