शिळेवरची चादर



शिळेभोवती गुडघे टेकलेली माणसे, वर लोंबणारे दिवे, आणि त्या म्हाताऱ्या परदेशी बाईचा प्रश्न… आमच्या पाळकसाहेबांनी मराठीत सांगितलेला.

"वैजयंती, ती विचारते आहे, तुझे मालक कधी वारले?"

वैजयंती म्हणजे माझी ताई. तिचे हात चादरीवर होते, तसेच राहिले.

हे घडलेले आहे. मी तिथे होतो. यरुशलेम, पवित्र कबरीचे चर्च, २०२३ च्या मार्चमधली एक संध्याकाळ. सोलापूरहून आमच्या चर्चची माणसे यात्रेला गेली होती.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान युवराज, दोन वर्षांपासून बेपत्ता होते. कामावर म्हणून निघाले आणि वाटेतच जणू पुसले गेले. ना निरोप, ना प्रेत. ते जिवंत परतावेत, एवढ्यासाठीच ताई आली होती. बॅगेत त्यांची जुनी सोलापुरी चादर.

"तिकडं थंडी वाजंल म्हणून घेतलीस व्हय?" मी विमानतळावर चिडवले होते.

"गप की रे. नवसाची हाय ती."

आम्ही ख्रिस्ती, पण सोलापूरचे. दर्ग्यावर चादर चढवून माणसे मागणे मागतात, हे ती लहानपणापासून पाहत आलेली. क्रुसावरून उतरवलेला प्रभूचा देह जिथे ठेवला असे मानतात, त्या सुगंधी तेलाने ओलसर शिळेवर तिने तीच चादर अंथरली. कोपरे नीट केले. डोके टेकले.

शेजारी ती म्हातारी आपले पांढरे कापड शिळेवर घासत होती.

पाळकसाहेबांनी आवाज बारीक केला. "अगं, इथं लोक कफन आणतात. आपल्या मरणाचं कापड या शिळेला लावून घरी नेतात. आणि तू हे युवराजचं…"

"न्हाय, न्हाय," ताई म्हणाली. "मग काढते की."

ती चादर उचलायला गेली.

चादर… उठली नाही.

मी दुसरे टोक धरले. त्या रिकाम्या कापडात वजन होते. झोपलेल्या माणसाला उचलताना हातांना लागते, तसे. क्षणभर आम्ही दोघे ते पेलून उभे राहिलो.

मग वजन गेले. पडले नाही, घसरले नाही. गेले.

ताईने घडी घातली. 

सोलापुरात रिक्षातून उतरतो तोच शेजारच्या कमलम्मा धावत आल्या.

"नशीब काढलंस गं वैजयंती! मालक आले की तुझे. तुमी तिकडं असतानाच, दिवेलागणीला. किल्ली मीच दिली. पण वाढलेल्या ताटाला शिवले न्हाईत बघ."

दार उघडेच होते. दाजी खुर्चीत बसलेले. गेले त्या दिवशीचाच शर्ट.

ताई उंबऱ्यापाशी थांबली. आता रडू फुटेल, म्हणून मी वाट पाहिली. कुणालाच फुटले नाही.

खोलीत एक वास होता… त्या शिळेवरच्या तेलाचा.

त्यानंतर वर्षे लोटली. दाजी घरातच असतात. विचारले तर एखादा शब्द बोलतात. ताई रोज त्यांचे ताट वाढते, आणि भरलेलेच उचलते. कमलम्मांची मांजर आता ओट्यावर फिरकत नाही. कमलम्माही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. भर दुपार. वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला, आणि घर इतके निःशब्द झाले की श्वास ऐकू येऊ लागले.

माझा.

ताईचा.

…

दाजी माझ्याकडे पाहून मंद हसले. सोलापूरचे ऊन, बंद खोली. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"ताई," मी कसाबसा विचारले, "दाजी जित्ते हायत का गं?"

ताई शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले. तिने टरफले पदरात गोळा केली, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली.