अप लाइन बंद आहे

"याला आत कोणी घेतलं?"

इद्रिस प्रॉसरच्या या एका प्रश्नासरशी स्वयंपाकघरातली सगळी कुजबुज थांबली. त्याच्या बायकोला, नेस्टाला, मातीआड करून जेमतेम तास झाला होता. टेबलावर हॅमचे काप होते, मुरवलेले कांदे होते, मनुका घातलेला पाव होता... आणि दाराशी, काळ्या कोटाचं बटण चाळवत, तिचा थोरला मुलगा गेथिन उभा होता. सहा वर्षांनी! ज्या उंबऱ्यावर तो रांगला, तोच उंबरा आज त्याला डोंगराएवढा झाला होता.

"मी घेतलं," ब्लॉडवेन आत्या म्हणाली. इद्रिसची ही धाकटी बहीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण काळीज लोण्याचं होतं. "आज दारात कुत्रं उभं असतं तरी आत घेतलं असतं, इद्रिस. हा तर नेस्टाचा मुलगा आहे."

"कुत्रं बरं. ते राखणीच्या वेळी झोपत नाही."

गेथिनने मान खाली घातली. सकाळपासून किती घाव सोसले होते त्याने! वेल्सच्या या खोऱ्यात आईची शवपेटी मुलं खांद्यावर नेतात. पण आज पुढचा खांदा धाकट्या आलेडने दिला आणि मागचा शेजाऱ्यांनी. गेथिन दफनभूमीच्या कठड्याबाहेर टोपी काढून उभा राहिला. बापाने त्याला पाहिलं होतं... आणि पाहून मान फिरवली होती.

आलेड खिडकीशी उभा होता, अंगात कार्डिफच्या कचेरीतला उंची कोट, हातात न प्यायलेला चहा. भावाच्या बाजूने एक शब्दही त्याच्या तोंडून फुटला नाही. तो कसा फुटणार?

इद्रिस एकतीस वर्षं कुमग्वेर्नच्या रूळ राखणाऱ्या टोळीचा मुकादम होता. घराच्या परसापासून वर बोगद्यापर्यंतचा चार मैलांचा पट्टा त्याचा. त्यातला प्रत्येक खिळा त्याच्या ओळखीचा. दोन्ही मुलांना रुळाची बाराखडी त्यानेच शिकवली होती, आणि तिचं पहिलं अक्षर होतं 'अप'. साऱ्या देशात लंडनकडे जाते ती अप. पण या खोऱ्यात ज्यांनी पहिले रूळ टाकले, त्यांना लंडनशी काय देणंघेणं! मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी वर खाणीकडे जात ती अप, आणि कोळसा घेऊन खाली बंदराकडे येत ती डाउन. परका माणूस हमखास उलटं समजे. म्हणून सरकारी रेल्वेत एक रीतच पडून गेली होती, की बाहेरची टोळी आली, की खोऱ्यातला एक माणूस तिच्यासोबत उतरायचा आणि रुळाला पाय लावून दाखवायचा, ही अप बरं का, आणि ही डाउन.

मग सरकारने रेल्वे विकली. रूळ एकाचे झाले, गाड्या दुसऱ्याच्या, देखभाल तिसऱ्याची, आणि त्या तिसऱ्यानेही माणसं चौथ्याकडून भाड्याने आणलेली! इद्रिस निवृत्त झाला. गेथिन रूळ तपासायला राहिला, आलेड त्या तिसऱ्या कंपनीच्या कचेरीत कामाचे कागद तयार करू लागला. वाट दाखवायची जुनी रीत कंपनीने कागदावर तेवढी ठेवली, एका चौकटीत: 'स्थानिक माणसाने जागेवर समजावून सांगितले.' त्या चौकटीत कुणाचं तरी नाव घालून आधीच खूण करून ठेवायची, असा वरून तोंडी हुकूम होता. माणूस पाठवायचा म्हणजे त्याला दिवसाचा पगार द्यावा लागतो ना!

सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आलेडने कागदावर लिहिलं, 'अप लाइन बंद.' म्हणजे त्या रुळावर गाड्या नाहीत, काम करा. पण ही बापाने शिकवलेली अप. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनहून आलेली टोळी शिकली होती देशाची अप. ती माणसं उतरली चालू रुळावर... आणि टेरी ओकले नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा पुन्हा कधी उठला नाही.

त्या दुपारी आलेड गेथिनच्या बिऱ्हाडी येऊन जमिनीवर बसला होता, लहानपणी खिडकीची काच फोडून यायचा तसा.

"चौकटीत तुझं नाव आहे, गेथिन. तुला तर मी निरोपही दिला नव्हता... मी तुरुंगात जाईन रे! कॅरिसला सातवा महिना आहे. तीन मुलं पोटातच गेली तिची. आता मला बेड्या पडल्या तर..."

"रडू नकोस."

"काय करू मी? सांग ना!"

गेथिनला ना बायको ना पोर. त्याच्या मागे रडणारं होतंच कोण? त्या क्षणी त्याला आपलं आयुष्य एखाद्या रिकाम्या खोलीसारखं वाटलं, जी दुसऱ्याला सहज देऊन टाकता येते. चौकशीत त्याने सांगितलं, "निरोप मिळाला होता. मला झोप लागली. मी गेलो नाही." हे कंपनीच्या पथ्यावरच पडलं! एका झोपाळू माणसाचा दोष, दुसरं काही नाही. गेथिनची नोकरी गेली, तुरुंग होता होता टळला. आणि इद्रिसने त्याला याच दारातून बाहेर काढलं. "एकतीस वर्षं माझ्या पट्ट्यावर कुणाचं नखसुद्धा गेलं नाही! तुझ्या झोपेने एका आईचं लेकरू खाल्लं. आता या घरात तुला आई नाही."

नेस्टाचे पाय तेव्हाच अधू झालेले, नवऱ्याच्या हाताशिवाय तिला दारही ओलांडता येत नसे. फोनवर थोरल्याचा आवाज आला, की ती नुसती रडायची आणि इद्रिस तिच्या हातातून फोन काढून ठेवून द्यायचा. गेथिन न्यूपोर्टच्या एका गोदामात खोकी उचलत राहिला...

"तू कोण?" कुणीतरी त्याच्या कोटाचं टोक ओढलं. पाच वर्षांची लोवरी, आलेडची मुलगी. गालावर जॅम.

हीच ती! जिच्यासाठी... गेथिनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मी तुझा काका."

"मला कुणी सांगितलंच नाही, काका आहे म्हणून."

कॅरिसने मुलीला जवळ ओढलं. तिला खरं काय ते ठाऊक नव्हतं. दिराकडे तिने अपराध्याकडे पाहावं तसं पाहिलं. आता निघावं, असं गेथिनने ठरवलं. जाता जाता आईच्या रिकाम्या खुर्चीवर नजर टाकावी म्हणून तो वळला, आणि खुर्चीमागच्या खिडकीतून त्याला परसापलीकडचे रूळ दिसले.

केशरी बंडी घातलेली पाच माणसं पलीकडच्या रुळावर होती, त्यातली चार वाकून काम करत होती. पलीकडचा, म्हणजे डाउन! पाचवा, राखण करणारा माणूस खालच्या अंगाला तोंड करून उभा होता, बोगद्याकडे पाठ. आणि वरचा सिग्नल... हिरवा!

"आलेड! आज कुठली लाइन बंद आहे?"

"अप," आलेड सवयीने म्हणाला. मग त्यानेही खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्याच्या हातून कप निसटला.

"एक वीसची गाडी!" इद्रिस ओरडला.

गेथिन परसाचं कुंपण ओलांडून वर, वळणाकडे धावला, दोन्ही हात डोक्यावर उंच धरून. गाडीला थांबवायची ती जुनी खूण. चौऱ्याहत्तर वर्षांचा इद्रिस कुंपणाला छाती टेकून त्या टोळीवर ओरडला, एकतीस वर्षं ज्या आवाजाने माणसं रुळावरून बाजूला केली होती त्याच आवाजाने, "हटा! रुळावरून हटा! मागून गाडी आहे... मागून!"

वळणावरून गाडी आली. तिची किंकाळी खोरंभर घुमली. माणसं उताराच्या गवतात कोसळली, त्यांचं एक अवजार चाकांखाली गेलं. गाडी त्यांच्या कामाच्या जागेवरून पार पुढे जाऊन थांबली. गेथिन पार वर, खडीत गुडघे टेकून बसला होता. अंगावर ओरखडाही नाही.

पाचही जण जिवंत!

ब्लॉडवेन आत्याने त्यांना परसात बसवलं आणि चहात साखर घालत सुटली. "प्या, प्या. मेलेल्या बाईच्या घरचा चहा आहे, नाही म्हणू नका. आज तिने तुम्हाला राखलंय." टोळीचा म्होरक्या स्टॅनवे पांढराफटक पडला होता. त्याच्या खिशातून घडी केलेला कागद डोकावत होता. इद्रिसने तो मागून घेतला, चष्मा चढवला आणि एकेक ओळ बोटाने वाचू लागला.

"साडेअकरा वाजता तुम्हाला इथे कोणी समजावून सांगितलं?"

"कुणी नाही, आजोबा. कुणी कधी सांगतच नाही. चौकटीत खूण असते तेवढी."

"इथे नाव आहे. गेथिन प्रॉसर."

"असेल कुणीतरी," स्टॅनवे म्हणाला. "इथल्या प्रत्येक कागदावर असतो तो."

इद्रिसचं बोट त्या नावावर थांबलं. साडेअकरा! साडेअकरा वाजता गेथिन दफनभूमीच्या कठड्याबाहेर उभा होता. स्वतः इद्रिसनेच त्याला पाहिलं होतं. आणि नोकरीवरून काढलेला माणूस सहा वर्षं टोळ्यांना वाट कशी दाखवतो? आज ही खूण खोटी. मग तेव्हाची? चेहऱ्यावर उजेड पडावा तशी ती जाणीव त्याच्यावर पडली, आणि तिच्या ओझ्याने त्याने कुंपण धरलं.

"आलेड... हा कागद कोणी केला?"

आलेड पुढे आला. त्या उंची कोटातला माणूस क्षणात विझून गेला होता. "मी, बाबा. मागच्याच कागदावर तारीख बदलतो आम्ही. सगळेच तसं करतात. गेथिनचं नाव काढायला माझा हात धजला नाही... तेव्हाही त्याला निरोप गेला नव्हता, बाबा! तो झोपला नव्हता! त्याला काहीच माहीत नव्हतं!" आणि तो बापाच्या पायांशी कोसळून हमसून हमसून रडू लागला.

कॅरिसने तोंडावर हात दाबला. मग ती सावकाश गेथिनजवळ आली. तिने त्याचं मनगट धरून ठेवलं.

"का केलंस?" इद्रिसने विचारलं.

"मला वाटलं, भोगायचं ते मी एकटाच भोगतोय, बाबा. दुसऱ्या कुणाचं त्यात काही जात नाही."

"एकटाच?" म्हातारा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तू भावाला वाचवलंस, पोरा. पण त्याच्याबरोबर या कागदालाही वाचवलंस! सहा वर्षं हा माणसांना रुळावर उतरवतोय. आज पाच गेले असते... आणि त्या ओकलेच्या आईला अजून वाटतंय, की तिचं पोर कुणाच्या तरी झोपेपायी गेलं."

हा घाव गेथिनला सगळ्यांत खोल लागला, कारण तो खरा होता. ज्या त्यागाच्या आधारावर त्याने सहा वर्षांचे एकाकी दिवस काढले, तो त्याग आज त्याच्या डोळ्यांदेखत डागाळला. तो रडला नाही. त्याने खाली वाकून आलेडला दंडाला धरून उभं केलं.

"चल. मी येतो तुझ्याबरोबर."

"नाही," आलेड म्हणाला. डोळे पुसून तो घरात गेला, भिंतीवरच्या फोनपाशी. त्याला पोलिसांना आपलं आडनाव दोनदा सांगावं लागलं. लोवरी विचारत राहिली, "बाबा कुणाशी बोलतोय? बाबा कुणाशी बोलतोय?"

संध्याकाळी आलेडला घेऊन पोलिसांची गाडी गेली. इद्रिसने कोट चढवला आणि थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघे चढण चढून दफनभूमीत गेले. ओल्या मातीच्या त्या ढिगापाशी गेथिन गुडघ्यांवर बसला. इतक्या वर्षांत आईला सांगायचं किती साठलं होतं, आणि आता त्याच्या तोंडी फक्त एवढंच आलं, "आई, मी आलोय गं."

मागे इद्रिस उभा होता.

"तिचा कधी विश्वास बसला नाही. मागच्या महिन्यातसुद्धा म्हणाली, 'माझा गेथिन कामावर झोपायचा नाही, इद्रिस. त्याला एकदा विचारून तर बघ.' रोज म्हणायची. मला राग आला. मी म्हटलं, 'पुन्हा त्याचं नाव काढू नकोस. गप्प बस.'"

"बाबा, जाऊ दे."

"ती गप्प बसली, गेथिन. मग शेवटपर्यंत बोललीच नाही."

म्हाताऱ्याने टोपी काढली. मग हळूहळू, लेकाच्या खांद्याचा आधार घेत, तोही मातीत गुडघ्यांवर बसला आणि ढिगावर दोन्ही तळवे ठेवून अगदी जवळ वाकला.

"नेस्टा... बोल ना आता. मी ऐकतोय."