न गढुळलेला चहा

सांगलीजवळच्या, दूरच्या मळ्यांचा चहा पुड्यांत भरणाऱ्या त्या कारखान्यात अलीकडे चहा प्यायला कमी आणि मोजला जास्त जायचा. टेबलावर पांढऱ्या कपांची रांग मांडली की रंगवाचक नावाची डबी एकेका कपातून उजेड सोडायची आणि आकडा सांगून मोकळी व्हायची. सुलोचना बोरवणकर तिथल्या मुख्य चवपारखी. चमचाभर चहा फुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि थुंकून टाकायचा, यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आता डबीच्या आकड्याखाली एक घोट घेऊन सही करणं तेवढं उरलं होतं, आणि त्या डबीवर त्यांचा दात होता.

त्या दिवशी एका नव्या मळ्याच्या चहाला डबीनं शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले. कप लगेच धुवायचे असत, पण मध्येच मालकांचा फोन आला आणि कप तसेच राहिले. तासाभरानं बाई परतल्या, तर निवलेले बाकीचे कप गढुळलेले आणि अठ्ठ्याण्णववाला तेवढा लख्ख. दुसरं कुणी खूश झालं असतं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी रसायनतज्ज्ञ उन्मेष तळवलकरला हाक मारली. "यात थिआफ्लेविन किती म्हणते रे तुझी डबी?"

"भरपूर, मॅडम. सोनेरी चमक आणि जिभेवरची चुरचुर त्याचीच की."

"मग चहा निवला की ते कॅफिनला जाऊन चिकटतं आणि कप गढुळतो. हा का नाही गढुळला?"

उन्मेष उगाच डबीचं बटण पुन्हा दाबू लागला. डबी जुळवणारा तोच, या मळ्याची शिफारस करणाराही तोच. चोराच्या मनात चांदणं, बाई मनात म्हणाल्या.

"जुन्या पद्धतीनं तपास. माझ्यासमोर."

"अख्खी दुपार जाईल, मॅडम."

"जाऊ दे की."

जेवणाचा डबाही न उघडता त्या स्टुलावर बसून राहिल्या. काचेच्या उभ्या नळीत पांढरी पूड भरलेली होती. वरून चहाचा अर्क सोडला की त्यातलं प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगानं खाली सरकतं आणि रंगांचे पट्टे सुटे होतात. डबी फक्त उजेड किती अडला ते पाही. नळीत एकेकाची ओळख पटे. चारच्या सुमारास थिआफ्लेविनचा पिवळा पट्टा दिसला, जेमतेम दोऱ्याएवढा. त्याच्याखाली बोटभर रुंद नारिंगी पट्टा होता.

"हे चहातलं नाहीच," उन्मेषचा चेहरा पांढराफटक पडला. "डबीला फसवायला कुणीतरी मुद्दाम बनवलंय. उजेड अगदी थिआफ्लेविनसारखा अडवतं. मी कसा फसलो!"

त्याचं ते तोंड पाहून बाईंचा त्याच्यावरचा संशय विरला आणि त्यांना थोडी लाजही वाटली. पण आनंद जास्त झाला. "उद्याच मालकांना सांगते, डबी फेका. माणसाची जीभ अशी फसत नाही."

गेल्या दोन वर्षांत डबीनं वरचे आकडे दिलेल्या चहांचे राखून ठेवलेले नमुने उन्मेषनं कपाटातून काढले. चौदा मळ्यांचे चौदा. सगळे उकळले, निवू दिले. अकरा कप लख्खच राहिले. चौदाही पुड्यांवर सुलोचनाबाईंची सही होती.

"राग मानू नका, मॅडम," तो चाचरत म्हणाला, "पण एकदा डोळे मिटून चाखाल का?"

त्यानं दूध-साखर घालून दोन कप पुढे ठेवले. बाईंनी डोळे मिटून पहिला घोट घेतला, मग दुसरा, आणि क्षणाचाही विचार न करता डावा कप पुढे सरकवला. "हा अस्सल. उजवा नुसता कडवट, घशाला धरतो."

बाईंनी डोळे उघडून कपांखालच्या चिठ्ठ्या स्वतःच उचलल्या. उजवा त्या न भेसळलेल्या तिघांतला होता.

"मीही डावाच निवडला होता," तो हळूच म्हणाला. "मघाशी कँटीनमध्ये सहाजणांना दोन्ही दिले, सहाही जणांनी हाच निवडला. दोन वर्षं आपण सगळे हाच पितोय."

बाईंनी उजवा कप पुन्हा तोंडाला लावला, हट्टानं अर्धा संपवला. तोंड कडूच राहिलं.

"उन्मेष," त्यांनी विचारलं, "हा मला पुन्हा आवडायला लागेल का रे?"